‘चालवणारा मी, दुरुस्त करणारा तू’ : यंत्रासमोरील एक रेषा कशी पुसली गेली

(१)
१९७१ साली जपानमधील निप्पॉनडेन्सो या मोटारींचे विद्युतभाग बनवणाऱ्या कंपनीला यंत्रांची निगा उत्तम राखल्याबद्दल एक पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकावी अशी ही बातमी नव्हे. परंतु त्या पुरस्कारामागे जे घडले होते, त्याने पुढील काही दशकांत जगभरातील असंख्य कारखान्यांचा दिनक्रम बदलून टाकला. आज ज्या पद्धतीला ‘टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स’ अर्थात टीपीएम म्हणतात, तिच्या जन्माची ही कथा. #थ्रेड #इतिहास

(२)
‘जपानी माणूस मुळातच शिस्तप्रिय, म्हणून त्याची यंत्रे कधी बंद पडत नाहीत’ असे सहज बोलले जाते. इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. टीपीएमचे बीज अमेरिकेतून आयात झालेले होते. ते रुजले एका कर्जबाजारी म्हणून जन्मलेल्या कंपनीत. आणि वाढले ते एका साध्या अडचणीमुळे : यंत्रे वाढली आणि दुरुस्ती करणारे हात अपुरे पडू लागले. स्वभावापेक्षा परिस्थितीनेच येथे अधिक काम केले.

(३)
कथेचा आरंभ त्याहून मागे आहे. लोहार आपला भाता स्वतः सांधतो, विणकर आपला माग स्वतः नीट करतो. अवजार वापरणारा आणि त्याची निगा राखणारा माणूस एकच असे. मोठ्या कारखान्यांनी ही जोडी फोडली. फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली आपले ‘वैज्ञानिक व्यवस्थापना’चे तत्त्व ग्रंथरूपाने मांडले. विचार आणि आखणी एकाकडे, प्रत्यक्ष कृती दुसऱ्याकडे. प्रत्येकाला ठरवून दिलेले लहानसे काम. उत्पादन वाढले, हे खरेच.

(४)
पण त्यातून यंत्रासमोर एक अदृश्य रेषा आखली गेली. रेषेच्या अलीकडे यंत्र चालवणारा कामगार, पलीकडे फिटर, इलेक्ट्रिशियन, म्हणजेच मेंटेनन्सवाले. यंत्रातून वेगळा आवाज आला तरी चालकाने नुसते ऐकायचे. पाना हाती घ्यायचा नाही. यंत्र बंद पडले की निरोप धाडायचा आणि वाट पाहायची. ‘चालवणारा मी, दुरुस्त करणारा तू’ हा जगभरातील कारखान्यांचा अलिखित नियम झाला.

(५)
या रेषेने काय होते, याचे उत्कृष्ट वर्णन मिशेल क्रोझिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली केले. फ्रान्समधील सरकारी तंबाखू कारखान्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. तिथे सारे काही नियमांनी बांधलेले. अनिश्चित गोष्ट एकच, यंत्र केव्हा बंद पडेल ती. ती अनिश्चितता फक्त मेंटेनन्सवाल्यांच्या हाती होती. यंत्रांचे आराखडे आणि देखभालीच्या सूचना कारखान्यातून नाहीशा झाल्या होत्या. चालकांना किरकोळ दुरुस्तीही वर्ज्य होती. दुरुस्तीचे ज्ञान डोक्यात दडवणे हीच त्या कामगारांची सत्ता होती.

(६)
म्हणजे प्रश्न केवळ तेल-ग्रीसचा नव्हता. यंत्राविषयीचे ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न होता. टीपीएमचा पुढील सारा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

(७)
दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी उद्योग अमेरिकेकडे शिकण्यासाठी पाहू लागला. तेथे ‘प्रतिबंधक देखभाल’ रुळत होती : यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता ठरावीक काळाने तपासणी करायची, झिजणारा भाग आधीच बदलायचा. जपानमध्ये १९५१ साली तोआ नेन्र्यो या तेलशुद्धीकरण कंपनीने ती प्रथम स्वीकारली, असे मानले जाते. पुढे अमेरिकेतूनच ‘प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स’ ही कल्पना आली : देखभालीचा खर्च आणि तिच्यापासून होणारा लाभ यांचा एकत्रित हिशेब.

(८)
ही अमेरिकन विद्या जपानमध्ये रुजवणाऱ्यांत अग्रणी नाव सेइची नाकाजिमा यांचे. पुढे ‘जपान इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट मेंटेनन्स’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचे ते आधारस्तंभ. अमेरिकन पद्धतीचे गुण त्यांनी ओळखले आणि तिची मर्यादाही. तेथे देखभाल हे देखभाल खात्याचेच काम राहिले होते. वेळापत्रक उत्तम, तंत्रज्ञ निष्णात. पण दिवसाचे आठ तास यंत्राशेजारी उभा असणारा माणूस त्या व्यवस्थेत कुठेच नव्हता.

(९)
आता निप्पॉनडेन्सोकडे वळू. आइची प्रांतातील कारिया येथील ही कंपनी १९४९ च्या डिसेंबरात टोयोटापासून वेगळी झाली. काळ महागाई आणि मंदीचा होता. टोयोटा स्वतःच अडचणीत होती. तिच्या विद्युतभागांच्या विभागाला तोट्याचे ओझे घेऊनच स्वतंत्र व्हावे लागले. तगून राहण्यासाठी या कंपनीने कपडे धुण्याची यंत्रे बनवली, १९५० साली विजेवर चालणारी मोटारही बनवली. पैसा ओतून अडचण सोडवण्याची ऐपत तिच्यापाशी नव्हती.

(१०)
पुढील दशकात चित्र पालटले. १९५३ साली जर्मनीच्या बॉश कंपनीशी तांत्रिक करार झाला. १९६० च्या सुमारास कारखानाभर प्रतिबंधक देखभाल सुरू झाली. १९६१ साली गुणवत्तेसाठीचे प्रतिष्ठित डेमिंग पारितोषिकही मिळाले. अमेरिकन पुस्तकात जे लिहिले होते ते बहुतेक सारे झाले होते. आणि नेमक्या याच टप्प्यावर ते अपुरे पडू लागले.

(११)
कारण होते मोटारींचा पूर. १९६० साली जपानमध्ये वर्षाला पाच लाखांहूनही कमी मोटारी आणि मालवाहू वाहने बनत. १९७० साली हा आकडा पन्नास लाखांच्या पुढे गेला. एका दशकात दसपट! भाग पुरवणाऱ्या निप्पॉनडेन्सोने स्वयंचलित यंत्रांची कास धरली. स्वयंचलित यंत्र माणसाचे काम कमी करते खरे, पण स्वतः अधिक नाजूक असते. एक सैल नट किंवा धुळीने माखलेला एक स्विच पुरतो. सगळी रांग थांबते.

(१२)
यंत्रे झपाट्याने वाढली, पण देखभाल करणारे निष्णात तंत्रज्ञ त्या वेगाने घडत नाहीत. प्रत्येक यंत्राची साफसफाई, तेलपाणी आणि तपासणी त्यांनीच करायची म्हटली, तर खऱ्या अवघड कामाला वेळच उरणार नव्हता. कंपनीपुढे दोन मार्ग होते : मेंटेनन्सवाल्यांची फौज वाढवत राहायची, किंवा ती रेषाच पुसायची. तिने दुसरा मार्ग धरला. रोजची निगा यंत्रचालकाकडे आली. तंत्रज्ञांनी गुंतागुंतीची दुरुस्ती आणि यंत्रसुधारणा यांकडे लक्ष द्यायचे ठरले.

(१३)
यासाठी एक साधन आधीच तयार होते. १९६२ पासून जपानमध्ये काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने ‘गुणवत्ता मंडळे’ उभी राहत होती : आठ-दहा कामगारांचे लहान गट, जे आपल्याच कामातील उणिवा शोधत आणि उपाय सुचवत. निप्पॉनडेन्सोने हीच रचना देखभालीकडे वळवली. अमेरिकेची प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स आणि जपानची ‘सर्वांचा सहभाग’ ही कल्पना यांचा हा संकर. ‘टोटल’ हा शब्द त्यातूनच आला.

(१४)
१९७१ च्या पुरस्कारानंतर या पद्धतीची पंचसूत्री व्याख्या रूढ झाली. यंत्रांची परिणामकारकता कमाल पातळीवर नेणे. यंत्राच्या संपूर्ण आयुष्याचा विचार करणारी देखभाल-व्यवस्था उभारणे. यंत्राची आखणी करणारे, ते वापरणारे आणि ते सांभाळणारे अशा सर्व विभागांना गोवणे. सर्वोच्च अधिकाऱ्यापासून कामगारापर्यंत प्रत्येकाचा सहभाग. आणि हे सारे लहान गटांच्या स्वयंप्रेरित कार्यातून साधणे. शेवटचे सूत्र सर्वांत अवघड.

(१५)
कारखान्यात ही पद्धत आणायची कशी? नाकाजिमांनी त्यासाठी बारा पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पाच केवळ तयारीच्या : व्यवस्थापनाने निर्णय जाहीर करणे, सर्वांना शिक्षण, समित्या, उद्दिष्टे, आराखडा. सहावी पायरी शुभारंभाची. पुढच्या पाच प्रत्यक्ष कामाच्या आणि शेवटची स्थिरीकरणाची. साऱ्याला साधारण तीन वर्षे लागतील, असे ते सांगत. घाई करणाऱ्या व्यवस्थापकांना हा आकडा कधीच रुचला नाही.

(१६)
प्रत्यक्ष कामाचा प्राण म्हणजे ‘स्वयं-देखभाल’, आणि तिची पहिली पायरी ऐकून अनेकांचा हिरमोड होतो : यंत्र स्वच्छ करा. एक नमुना-यंत्र निवडायचे, ते बंद करायचे, झाकणे उघडायची आणि गटातील सर्वांनी, अनेकदा व्यवस्थापकांसह, वर्षानुवर्षांची घाण हाताने पुसून काढायची. हेतू चकाकीचा नव्हे. पुसणारा हात यंत्राच्या प्रत्येक भागाला स्पर्श करतो. गळणारा सांधा, हललेला बोल्ट, तडा गेलेली नळी, तापलेले बेअरिंग हे सारे हाताला कळते. ‘स्वच्छता म्हणजेच तपासणी’ हे सूत्र यातूनच आले.

(१७)
सापडलेल्या प्रत्येक दोषावर एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठ्या दोन रंगांच्या : एका रंगाचा दोष चालक स्वतः दूर करणार, दुसऱ्या रंगाचा तंत्रज्ञ. ‘ठीक चाललेल्या’ यंत्रावरही पाहता पाहता चिठ्ठ्यांचे तोरण लागते. यातून एक मूलभूत भेद उमगतो. योग्य वापरानेही यंत्र कालांतराने झिजते, ती नैसर्गिक झीज. पण तेल न मिळाल्याने, धुळीने, सैल नटांमुळे ते अकाली झिजते, ती लादलेली झीज. दुसरी टाळता येते, आणि ती टाळण्यासाठी अभियंता लागत नाही.

(१८)
खरी खुबी पुढच्या दोन पायऱ्यांत आहे. ज्याने चार तास घासून यंत्र स्वच्छ केले, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा साचलेला भुसा पाहून स्वस्थ बसत नाही. हा भुसा येतो कुठून, तेल गळते कशामुळे, हे तो शोधू लागतो. पत्र्याचा आडोसा लावतो, हात न पोहोचणारी जागा मोकळी करतो. ही दुसरी पायरी. तिसरीत गट स्वतःच नियम लिहितो : कोणता भाग, केव्हा, किती वेळात पुसायचा, कुठे कोणते तेल घालायचे. नियम पाळणाराच नियम लिहितो. टेलरने वेगळी केलेली आखणी आणि कृती येथे पुन्हा एकत्र आली.

(१९)
चौथ्या पायरीत शिक्षण येते : वंगण, नट-बोल्ट, हवेच्या दाबावर आणि तेलाच्या दाबावर चालणारे भाग, वीज, पट्टे आणि साखळ्या. तंत्रज्ञ गटप्रमुखाला शिकवतो, गटप्रमुख आपल्या गटाला. क्रोझिएंच्या फ्रेंच कारखान्यात जे ज्ञान दडवले गेले होते, ते येथे एका पानाच्या सचित्र धड्यांतून भिंतीवर टांगले जाते. उरलेल्या तीन पायऱ्यांत गट स्वतः तपासणी करू लागतो, कामाची जागा लावून घेतो आणि शेवटी आपल्या यंत्राचा कारभार आपण पाहू लागतो. मेंटेनन्सवाला ‘आग विझवणारा’ न राहता गुरू होतो. अर्थात, ज्याची सत्ता जाते त्याला हा बदल सहजी मानवत नाही.

(२०)
दुसरा आधार आकड्यांचा. एका पाळीत ठरलेल्या सुट्या वगळून ४५० मिनिटे काम आहे आणि मिनिटाला एक नग अपेक्षित आहे, असे समजा. बिघाड आणि साचे बदलणे यांत ४५ मिनिटे गेली; उपलब्धता ९० टक्के. उरलेल्या ४०५ मिनिटांत ३२४ नग निघाले. गती ८० टक्के. त्यांपैकी ३०८ चांगले. गुणवत्ता सुमारे ९५ टक्के. तिन्ही आकडे कानाला बरे वाटतात. पण गुणाकार केला की उत्तर येते अवघे ६८ टक्के. ४५० शक्य होते, हाती ३०८ आले.

(२१)
या गुणाकाराला ‘यंत्राची एकूण परिणामकारकता’ म्हणतात. त्यामागे नाकाजिमांनी सहा मोठ्या गळती सांगितल्या : बिघाड, साचेबदल आणि जुळवणी, लहानसहान खोळंबे, घटलेला वेग, सदोष माल आणि सुरुवातीची नासाडी. ९०, ९५ आणि ९९ टक्के यांचा गुणाकार म्हणजे सुमारे ८५. हे उत्तम कारखान्याचे लक्ष्य मानले गेले. मोठा बिघाड सर्वांना दिसतो. अर्ध्या मिनिटासाठी अडकलेला नग मात्र चालक हाताने सोडवतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. तो खोळंबा फक्त चालकालाच ठाऊक असतो, म्हणून त्याला विचारल्यावाचून हा हिशेब पूर्ण होत नाही.

(२२)
या कथेला दुसरी बाजू आहे. १९७२-७३ मध्ये सातोशी कामाता हे पत्रकार टोयोटाच्या कारखान्यात हंगामी कामगार म्हणून राबले आणि १९७३ साली त्यांनी तो अनुभव पुस्तकरूपाने मांडला. धावणारी रांग, थकवा, सक्तीचा जादा वेळ यांचे ते चित्र आहे. त्याच उद्योगसमूहात, त्याच काळात टीपीएम आकारास येत होते. मग प्रश्न उभा राहतो : कामगाराच्या हाती पाना देणे हा त्याचा सन्मान, की त्याच मजुरीत वाढवलेले आणखी एक काम?

(२३)
उत्तर पद्धतीच्या नावात नाही, अंमलबजावणीत आहे. जिथे स्वच्छतेसाठी पाळीतील वेळ दिला गेला, शिक्षण दिले गेले, चिठ्ठीवरील दोष खरोखर दूर झाले, तिथे कामगाराचे ज्ञान वाढले. जिथे उत्पादनाचे लक्ष्य तसेच ठेवून वर झाडूही हाती दिला, तिथे ती वेठबिगारीच ठरली. तपासनीस येण्याच्या आदल्या दिवशी जमीन रंगवायची, फलक सजवायचे आणि तो गेल्यावर सारे पूर्ववत, असा टीपीएमही जगात काही कमी नाही. लावलेली चिठ्ठी महिनोन्महिने तशीच लोंबत राहिली, की पुढची चिठ्ठी कोणी लावत नाही.

(२४)
१९८८ साली नाकाजिमांचे पुस्तक इंग्रजीत आले आणि पाश्चात्त्य कारखान्यांना ही पद्धत खुली झाली. जी कल्पना अमेरिकेतून निघाली होती, ती जपानमार्गे नव्या रूपात परतली. १९८९ साली तिची व्याख्या विस्तारली : केवळ उत्पादन विभाग नव्हे, तर कचेरीसह संपूर्ण कंपनी, ध्येय शून्य अपघात, शून्य दोष, शून्य बिघाड. भारतात उदारीकरणानंतर स्पर्धा वाढली, तेव्हा भारतीय उद्योग महासंघाने टीपीएम क्लब स्थापन करून तिचा प्रसार केला. पुणे-चाकण आणि वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यांतही टीपीएमचे फलक आज अपरिचित राहिलेले नाहीत.

(२५)
इतिहासात यंत्रांच्या शोधांना मानाचे पान मिळते. ती यंत्रे चालू ठेवणाऱ्या हातांना क्वचितच. निप्पॉनडेन्सोने नवे यंत्र शोधले नाही. यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याच्याविषयी काही कळते, एवढेच तिने मान्य केले, आणि तेही नाइलाजाने. फलकावर सूत्रे लिहिली म्हणून ती रेषा पुसली जात नाही. चालकाने ‘आवाज वेगळा येतोय’ म्हटल्यावर कोणी थांबून ऐकते का, यावरून ती पुसली गेली की नाही ते ठरते.

#थ्रेड समाप्त